धुरेवरचा भार

मराठी साहित्यात यंत्र बहुधा दोन वाटांनी येते. मर्ढेकरांच्या 'काही कविता' (१९४७) या संग्रहापासून ते माणसाचे माणूसपण झिजवणारी शक्ती म्हणून ओळखीचे झाले. नारायण सुर्व्यांच्या 'माझे विद्यापीठ'मध्ये (१९६६) ते ज्यांच्या हाताखाली चालते त्या माणसांचे जग बोलू लागले. परंतु माणसे यंत्र निवडतात कसे, हातातले काम त्याच्या स्वाधीन करताना नेमके काय देऊन टाकतात, याविषयी आपल्याकडे फारसे लिहिले जात नाही. लालबागच्या आमच्या लहानशा मंडळाने मूर्तीच्या ट्रॉलीसाठी जॅक घ्यायचे ठरवले, तेव्हा हा प्रश्न आमच्यापुढे हिशेबाच्या वहीतून आला.

आमची ट्रॉली ट्रॅक्टरमागे जोडली जाते. मूर्ती, मखर, जनरेटर धरून तिचे वजन सुमारे तीन टन भरते. चाके या भाराचा मोठा वाटा उचलतात. उरलेला पुढच्या दांडीवर येतो. बैलगाडी हाकणाऱ्यांना हे शास्त्र शिकवावे लागत नसे. माल मागे सरकला की गाडी उलाळते आणि जू वर उचलले जाते. फार पुढे आला की बैलांच्या मानेवर बसतो. आजचा नियमही तोच आहे: एकूण वजनाचा दहा ते पंधरा टक्के भाग दांडीवर असावा. म्हणजे आमच्या बाबतीत तीनशे ते साडेचारशे किलो. ट्रॅक्टर सोडवताना हा भार उचलून धरणे, एवढेच जॅकचे काम. अमेरिकेत घरासारख्या गाड्या मोटारीमागे ओढत हिंडणारी कुटुंबे याच कामासाठी विजेचा जॅक वापरतात. त्यातले पुष्कळसे दीड टनाच्या आसपास क्षमतेचे असतात. आम्हाला तेवढी क्षमता पुरून उरणारी होती.

तेव्हा वाद क्षमतेचा नव्हता. मंडळातले अण्णा १९८२च्या संपापर्यंत गिरणीत फिटर होते. इतकी वर्षे दांडीचा हाती जॅक त्यांनीच फिरवला. ते म्हणाले, "अरे, बटणाला वजन कळतं का?" इलेक्ट्रिकलच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या मुलाने शांतपणे विचारले, "अण्णा, रात्री दोन वाजता चौपाटीवर तुमचे हात आम्ही कुठून आणायचे?" सभेत कोणी हसले नाही. दोघेही खरे बोलत होते.

हायड्रॉलिक जॅक आम्ही आधीच बाजूला ठेवला. त्याचे सील झिजले की भार नकळत खाली बसत जातो. स्क्रूच्या जॅकचे आटे भार आपणहून धरून ठेवतात. वीज गेली तरी दांडी जागच्या जागी राहते. म्हणून स्क्रूचाच, पण मोटर बसवलेला, आणि मोटर बंद पडल्यास हँडलने फिरवता येईल असा जॅक हवा, यावर एकमत झाले. त्याला बारा व्होल्टची बॅटरी आणि योग्य फ्यूज लागतो. काही जॅकचे अर्थिंग बोल्टमधून दांडीच्या लोखंडाला मिळते. तिथला रंग खरवडला नाही तर नवी मोटरही ढिम्म हलत नाही. वाळूत पाय रुतू नये म्हणून खाली जाड फळी लागते, चाकांना लाकडी ठोकळे लागतात. खाऱ्या पाण्याने आटे गंजतात, म्हणून विसर्जनानंतर ते धुऊन ग्रीस लावावे लागते. आणि जॅक फक्त दांडी पेलतो. त्याच्या भरवशावर कोणी ट्रॉलीखाली शिरू नये.

यंत्र आले म्हणजे समुद्र आज्ञेत आला, असे नव्हे. ७ सप्टेंबर २०२५ला सगळ्या मुंबईने ते पाहिले. लालबागच्या राजाची मिरवणूक सकाळी गिरगाव चौपाटीवर पोहोचली. नवा यांत्रिक तराफा सज्ज होता. पण भरती आली, मूर्ती तराफ्यावर चढेना, आणि विसर्जन रात्री नऊच्या सुमारास झाले. त्यात यंत्राचा पराभव शोधणे सोपे आहे. आम्हाला दिसले ते एवढेच, की भरतीचे वेळापत्रक आणि पाण्यात उभ्या असलेल्या कोळी बांधवांचे ज्ञान हेही त्या यंत्राचेच भाग आहेत; ते सुटे करून चालत नाही.

अण्णांचा प्रश्न आम्ही याच अर्थाने घेतला. हाताला वजन कळते, याचा अर्थ चूक हाताला आधी कळते. मखर पुढे सरकले असेल, फळी तिरपी बसली असेल, तर हँडल जड जाते. मोटर त्या जडपणावर मुकाट्याने मात करत राहते, अगदी फ्यूज उडेपर्यंत. गिरणीतल्या माणसांचे किती तरी शहाणपण असे तळहातात होते. गिरण्या गेल्या तेव्हा यंत्रे भंगारात मोजली गेली. या शहाणपणाची नोंद करायला कुठे रकानाच नव्हता.

जॅक विजेचा घेतला. त्यासोबत मंडळाने एक नियम केला: दांडी उचलताना पहिले चार फेरे हँडलने, मग बटण. ते चार फेरे कसे लागले पाहिजेत, हे अण्णा सध्या दोन मुलांना शिकवत आहेत. मुले घाई करतात, अण्णा हँडल काढून घेतात आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायला लावतात.