हंगामी दात, कायम दात

“दुधाचे दात ना? पडायचेच आहेत.” हे वाक्य मी किती वेळा ऐकले आणि किती वेळा बोललो याची मोजदाद नाही. आमच्या फोंड्याच्या घरी आजी बोलायची, आई बोलायची, आणि बाप झाल्यावर मीही बोलू लागलो. त्या वाक्याची किंमत मला कळली ती मात्र ग्वाल्हेरला, रेल्वेने घरापासून जवळजवळ दीड दिवसाच्या अंतरावर.

माझी ताई ग्वाल्हेरच्या लष्कर भागात दिलेली आहे. ‘लष्कर’ हे नावच मुळी दौलतराव शिंद्यांनी १८१० च्या सुमारास टाकलेल्या छावणीवरून पडले. शिंद्यांबरोबर गेलेल्या मराठी कुटुंबांचे वंशज आजही तिथे नांदतात. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी. काही वर्षांपूर्वी जानेवारीत आम्ही गोवा एक्सप्रेसने तिच्याकडे गेलो, तेव्हा माझी मुलगी आठ वर्षांची होती.

आम्हा गोवेकरांना थंडी म्हणजे पहाटे पंखा बंद करणे एवढेच ठाऊक. तिकडची थंडी हाडांत शिरते आणि तिच्यावरचा उतारा म्हणजे गजक! तीळ आणि गूळ एकत्र कुटून केलेली, पापुद्रे सुटणारी. संक्रांत तोंडावर आल्यामुळे ताईच्या डब्यात तिळगूळही होता. मुलगी सकाळपासून तुकडा तुकडा तोंडात टाकत होती. दुपारी आम्ही तानसेनाची समाधी पाहायला गेलो. तिथल्या चिंचेचा पाला चघळला की गळा गोड होतो अशी जुनी समजूत आहे. मुलीनेही पाला चघळला. रात्री तिचा गळा खरोखरच मोकळा झाला, पण तो रडण्यासाठी. खालची दाढ ठणकू लागली होती.

ताईने लवंगेचे तेल कापसाला लावून ठेवले, कोमट मिठाच्या पाण्याने चुळा भरायला लावल्या. थोडा उतार पडला. भावोजी म्हणाले, “उगाच घाबरू नका. दुधाची दाढ आहे, सकाळी काढून टाकू. नवी येईल.” मी लगेच मान डोलावली. खरे सांगायचे तर त्या दाढेवरचा काळा ठिपका मी वर्षभरापूर्वीच पाहिला होता. पण आम्ही कारकून माणसे, जे प्रकरण आपोआप निकाली निघणार आहे त्याची फाइल कोण उघडतो?

सकाळी दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो आणि मीच सांगून टाकले, “दुधाची दाढ किडली आहे, काढायची आहे.” त्यांनी मुलीला आ करायला लावून आरशाने एकेक दात मोजला, मग माझ्याकडे वळून शांतपणे म्हणाल्या, “यह दूध का दाँत नहीं है, भाईसाहब.”

मी चाळिशी ओलांडलेला, पदवीधर माणूस. मुलीची कायमची दाढ मी स्वतःच्या तोंडाने उपटायला सांगत होतो.

बाईंनी मग समजावून दिले. दुधाचे दात एकूण वीस. साधारण सहाव्या महिन्यापासून येऊ लागतात आणि तीन वर्षांपर्यंत पुरे होतात. सहाव्या वर्षाच्या आसपास, दुधाच्या शेवटच्या दाढेच्या मागे पहिली कायमची दाढ उगवते. तिच्यासाठी कोणताही दात पडत नाही. म्हणूनच ती आल्याचे आईबापांना कळत नाही आणि सगळेजण तिला दुधाचीच समजतात. नव्या दाढेच्या माथ्यावर खोल खाचा असतात, तिथे ब्रश नीट पोचत नाही. वरच्या-खालच्या मिळून अशा चारच दाढा, पण पुढची साठ-सत्तर वर्षे चावायचे काम त्यांच्यावरच असते.

मी विचारले, “पण दुधाचे दात किडले तर खरेच बिघडत नाही ना?” त्या हसल्या. त्यांचे उत्तर मी माझ्या ऑफिसच्या भाषेत सांगतो. दुधाचा दात म्हणजे हंगामी नोकर. कायम माणूस रुजू होईपर्यंत खुर्ची राखून ठेवणे हे त्याचे काम. तो वेळेआधी गेला की शेजारचे दात सरकून ती खुर्ची बळकावतात. मग कायमचा दात येतो तो वाकडा, नाहीतर अडकून बसतो. दुधाच्या मागच्या दाढा तर दहा-बारा वर्षांच्या वयापर्यंत टिकायच्या असतात. शिवाय किड मुळाशी गेली की खालच्या कोवळ्या दातालाही अपाय होऊ शकतो. ठणका लागलेले मूल जेवत नाही, झोपत नाही, ते वेगळेच.

गजकीवर सगळा दोष टाकायला मी तयारच होतो, पण बाई म्हणाल्या, किती खाल्ले यापेक्षा किती वेळा खाल्ले हे महत्त्वाचे. दातांवरचे जंतू साखरेपासून आम्ल तयार करतात आणि ते दाताचे वरचे कवच झिजवते. लाळ ते आम्ल हळूहळू शमवते, त्याला अर्धा तास तरी लागतो. दर दहा मिनिटांनी तुकडा तोंडात गेला तर लाळेला उसंतच नाही. तेव्हा गोड जेवणाबरोबर खावे आणि वर पाणी प्यावे. चिंचेसारखे आंबट खाल्ल्यावर मात्र लगेच ब्रश करू नये, अर्धा तास थांबावे.

बाकीच्या गोष्टी मी घरी आल्यावर वहीत लिहून ठेवल्या. पहिला दात आल्यापासून घासायला सुरुवात करावी. पेस्ट फ्लोराइडची असावी. तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, पुढे वाटाण्याएवढी, आणि मुलाला ती थुंकायला शिकवावे. झोपेत लाळ कमी होते, म्हणून रात्रीचे घासणे सकाळच्यापेक्षाही महत्त्वाचे. तोंडात दुधाची बाटली ठेवून मुलाला झोपवू नये. सात-आठ वर्षांपर्यंत मोठ्यांनीच घासून द्यावे किंवा शेजारी उभे राहावे. पहिल्या वाढदिवसापर्यंत एकदा दातांच्या डॉक्टरांना दाखवावे. नव्या दाढांच्या खाचा औषधी लेप लावून बुजवता येतात, हेही मला तिथेच कळले.

आमच्या लहानपणी गोव्यात आंब्याच्या पानाने दात घासायचे. आजोबांच्या हातात मशेरी असायची. तंबाखूची ती पूड लावता लावता सवय कशी जडते हे तेव्हा कोणी बोलत नसे. आपल्या देशात टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालण्यावर १९९२ साली बंदी आली, पण घरी भाजलेली मशेरी कोण अडवणार? जुने ते सगळेच सोने नव्हे, एवढेच.

मुलीची दाढ वाचली. नसेला धक्का पोचण्याआधीच गेलो होतो. किड काढून, औषध भरून वर टोपी बसवली. निघण्याच्या आदल्या दिवशी तिचा वरचा एक दात, तो मात्र खरोखर दुधाचा, पडला. आमच्याकडे पडलेला दात कौलांवर टाकतात. ताईच्या घराला गच्ची, कौले कुठून आणायची? शेवटी मुलीने तो कागदात गुंडाळून खिशात घातला आणि गोव्यापर्यंत जपून आणला. घरी पोचताच अंगणात उभी राहून तिने तो कौलांवर भिरकावला.

तुमच्या घरात सहा-सात वर्षांचे मूल असेल तर आज रात्री एक काम करा. बॅटरी घ्या, त्याला आ करायला लावा आणि अगदी मागची दाढ पाहा. ती पडायची नाही आहे.