बलरामपुरमचे मऊ सूत

तिरुवनंतपुरमहून कन्याकुमारीच्या रस्त्याला लागले, की सुमारे १५ किलोमीटरवर बलरामपुरम येते. हे विणकरांचे गाव. भल्या सकाळी गल्लीत लांबच लांब ताणे पसरून त्यांना तांदळाच्या पेजेची खळ चढवतात. ऊन चढले, की घराघरांतून मागाचा खटखटाट सुरू होतो.

पर्यटक इथल्या जरीकाठी 'कसवु' साडीवर भाळतात. पण घरी लेक किंवा सून गरोदर असेल, तर तिच्यासाठी जर नको. या दिवसांत पोटावरची त्वचा ताणली जाते, घाम अधिक येतो, खाज सुटते. त्यात जर टोचते आणि सिंथेटिक कापड अंगाला चिकटते. तिच्यासाठी घ्यावे ते बिनरंगी, साध्या काठाचे सुती मुंडू. वापरण्याआधी दोनदा धुवावे. खळ निघून जाते, कापड मऊ पडते. नेसताना गाठ सैल, पोटाखाली असावी.

मात्र अंगावर पुरळ नसताना तळहात-तळपायांना, विशेषतः रात्री, फार खाज सुटली, तर कपडे बदलत बसू नये. तो यकृताचा विकार असू शकतो; लगेच डॉक्टरांना दाखवावे.

बाळ आले, की धुऊन धुऊन मऊसूत झालेल्या त्याच मुंडूची दुपटी होतात.