पुन्हा तोच फॉर्म

आमच्या महाविद्यालयात मला नावाने हाक मारणारे फार थोडे आहेत. बाकी सगळे 'डॉक्टर' म्हणतात. कँटीनमध्ये कुणाचे डोके दुखले की 'डॉक्टर, गोळी आहे का?' असा पुकारा होतो. खरी गोष्ट अशी की, मी बी.ए.च्या द्वितीय वर्षात आहे, माझा विषय समाजशास्त्र आहे, आणि वैद्यकीय प्रवेशाची 'नीट' परीक्षा मी दोनदा दिली आहे. दोन्ही वेळा माझा नंबर लागला नाही.

या अंकासाठी मी आधी 'पाऊस' या विषयावर चार पाने लिहिली होती. ती वाचून सरांनी विचारले, "पाऊस ठीक आहे, पण यात तू कुठे आहेस?" ती चार पाने तशीच ठेवून दिली आणि हे लिहायला बसलो.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. अण्णा चौथी शिकलेले. शेती अडीच एकर, तीही कोरडवाहू. आई दहावी झालेली आहे आणि गेली तेरा वर्षे गावात आशाताई म्हणून काम करते. गरोदर बायांची नोंद ठेवणे, लसीकरणाच्या दिवशी घरोघर निरोप देणे, बाळंतपणाला बाईबरोबर दवाखान्यात जाणे ही तिची कामे. रात्री-अपरात्री आमच्या दारावर थाप पडली तर आम्ही दचकत नाही. आई पिशवी उचलते, अण्णा बॅटरी घेऊन पुढे होतात.

२०२२ साली मला दहावीला ब्याण्णव टक्के पडले. आईने शेजारच्या काकूंना पेढा देताना सांगितले, "आता हे डॉक्टर होतंय बघा." मला कुणी विचारले नाही, आणि विचारावे असे मलाही वाटले नाही. अण्णांनी दोन म्हशी विकल्या आणि मला लातूरला ठेवले. तिथे गल्लीगल्लीत मेस आणि अभ्यासिका. सकाळी सहाला बाहेर पडलेली मुले रात्री दहाला खोलीवर परततात. दोन वर्षे मीही त्यांच्यातलाच एक झालो.

ज्यांनी ही परीक्षा दिली नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. भौतिकशास्त्राचे ४५, रसायनशास्त्राचे ४५ आणि जीवशास्त्राचे ९० असे १८० प्रश्न धरले जातात. बरोबर उत्तराला चार गुण, चुकीच्या उत्तराला एक गुण वजा. एकूण गुण ७२०. ५ मे २०२४ रोजी मी पहिल्यांदा परीक्षा दिली आणि मला ५३१ गुण पडले. गावात पेढे वाटून झाले. नंतर समजले की त्या वर्षी गुणांना पूरच आला होता. पहिल्या निकालात ६७ जणांना ७२० पैकी ७२० होते! पुढे पेपरफुटीच्या बातम्या आल्या, वाढीव गुणांचा वाद झाला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. २३ जुलैला न्यायालयाने परीक्षा रद्द करण्यास नकार दिला. नंतर सुधारित निकाल लागला, त्यात पूर्ण गुण मिळवणारे १७ उरले. मला मात्र कुठल्याच यादीत जागा नव्हती. पहिली फेरी झाली, दुसरी झाली, तिसरी झाली. दर वेळी मी मोबाइलवर यादी उघडायचा आणि आई माझ्या तोंडाकडे बघायची. खासगी आयुर्वेद महाविद्यालयाचा विचार निघाला. तिथली फी आम्हाला झेपणारी नव्हती हे खरे. पण झेपली असती तरी मी गेलो नसतो हेही तितकेच खरे. एम.बी.बी.एस.शिवाय दुसरे नाव मला कमीपणाचे वाटत होते.

मग मी या महाविद्यालयात प्रवेश घेतला. वर्ष वाया जाऊ नये, एस.टी.चा पास मिळावा आणि ग्रंथालयात बसायला जागा मिळावी, एवढ्याच हेतूने! आज कबूल करतो की प्रथम वर्षात समाजशास्त्राच्या तासाला माझ्या पुस्तकाखाली जीवशास्त्राचे पुस्तक असे. माझ्या प्राध्यापकांनी मला क्षमा करावी. त्यांना ते दिसत नव्हते असे आता मला वाटत नाही.

कुणी निकालाचा विषय काढला की माझे उत्तर तयार असे : "पेपर फुटला, म्हणून आमच्यासारख्यांचे नंबर गेले." लोक हळहळत. मला बरे वाटे. त्या एका वाक्यावर मी वर्षभर जगलो. फॉर्म पुन्हा भरला, १६०० रुपये पुन्हा भरले. जातीचा दाखला, वैधता प्रमाणपत्र, अधिवास, नॉन-क्रिमीलेयर हे सगळे आईच्या प्लास्टिकच्या फायलीत लावून ठेवलेले होते. दुसऱ्या वेळी कागद गोळा करायला वेळ लागला नाही. तसाच अभ्यासही झालेलाच आहे, असे मी मनाशी धरून चाललो.

४ मे २०२५ ला दुसरी परीक्षा झाली. भौतिकशास्त्राचा भाग इतका अवघड होता की पहिल्या दहा मिनिटांत माझे हात गार पडले. १४ जूनला निकाल लागला. मला ४०२ गुण होते. त्या वर्षी देशात पहिल्या आलेल्या मुलालाही ६८६ च होते. सगळ्यांचेच गुण उतरले, म्हणून प्रवेशाची रेषाही खाली आली. इतकी खाली की, आदल्या वर्षीचे माझे ५३१ गुण या वर्षी असते तर मी आज शासकीय महाविद्यालयात असतो. हा हिशेब मी किती वेळा केला असेल याची गणती नाही. एस.टी.त केला, जेवताना केला, झोपेत केला.

शेवटी एका रात्री दोन्ही वर्षांच्या उत्तरपत्रिकांच्या प्रती आणि अधिकृत उत्तरे घेऊन बसलो. पहिल्या वर्षी १४१ बरोबर, ३३ चूक, ६ कोरे. दुसऱ्या वर्षी ११२ बरोबर, ४६ चूक, २२ कोरे. चुकलेल्या प्रश्नांवर खुणा करीत गेलो, तेव्हा दिसले की त्यातले निम्म्याहून अधिक मी अंदाजाने सोडवले होते. येत नाही म्हणून सोडून द्यायचा धीर मला झाला नव्हता. व्यवस्थेचे जे काही चुकले असेल ते असो. पण त्या ३३ आणि ४६ गोळ्या मी माझ्या हाताने काळ्या केल्या होत्या. त्या रात्रीपासून 'पेपर फुटला' हे वाक्य माझ्या तोंडून निघालेले नाही.

या परीक्षेला आता वयाची वरची मर्यादा नाही, आणि कितीही वेळा बसता येते. ही सवलत मोठी आहे, पण तिच्यात एक धोकाही आहे. तुम्हाला 'आता पुरे' असे सांगणारे कुणी नसते. लातूरला चौथ्यांदा, पाचव्यांदा बसणारी मुले मी पाहिली आहेत. त्यातल्या काहींना पुढे प्रवेश मिळाला, हेही सांगितले पाहिजे. पण एकाला मी विचारले होते, "डॉक्टर होऊन काय करणार?" तो बराच वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "आधी होऊ तर दे." तेव्हा मला हसू आले होते. आता येत नाही, कारण मलाही दुसरे उत्तर सुचले नसते.

२०२५ च्या दिवाळीच्या सुटीत मी घरी होतो. आई एका बाळंतिणीकडे सातव्या दिवसाच्या भेटीला निघाली. दवाखान्यात बाळंतपण झाले तरी आशाताईला तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जाऊन बाळ पाहावे लागते. त्या दिवशी अण्णा शेतात होते, म्हणून वजनकाटा घेऊन मी बरोबर गेलो. आईने हात धुतले. बाळाला झोळीत घालून काट्याला टांगले, वजन लिहिले. मग त्याचे पोट उघडे करून ती घड्याळ घेऊन बसली आणि श्वास मोजू लागली. पूर्ण एक मिनिट. खोलीत कुणी बोलले नाही. "चौसष्ट," ती म्हणाली. मला वाटले, आता ती उठेल. ती उठली नाही. तिने पुन्हा घड्याळ धरले आणि पहिल्यापासून मोजायला सुरुवात केली. या वेळी सहासष्ट आले. मग मात्र तिने लगेच १०८ ला फोन लावायला सांगितला.

श्वसनाचा धडा मला पाठ होता. एका साध्या श्वासात किती मिलिलिटर हवा आत जाते हे मी झोपेतून उठून सांगितले असते. पण इतक्या लहान बाळाचे श्वास मिनिटाला साठ किंवा त्याहून जास्त झाले तर तो धोका असतो, आणि एकदा मोजून भागत नाही, हे मला ठाऊक नव्हते. दोन वर्षांत मी कुणाचाही श्वास मोजला नव्हता.

बाळ नऊ दिवस दवाखान्यात होते. नंतर बरे होऊन घरी आले. ॲम्ब्युलन्स गेली त्या रात्री आईने भाकरी थापता थापता मला विचारले, "तुला खरंच व्हायचंय का रे डॉक्टर? का मी म्हणलं होतं म्हणून?"

मला उत्तर देता आले नाही. ती रागावली नव्हती. तिला फक्त माहीत करून घ्यायचे होते. चार दिवस मी शेतात, पाणवठ्यावर, देवळात हिंडलो. पहिला फॉर्म मी आईसाठी भरला होता. दुसरा फॉर्म पहिल्याची लाज झाकण्यासाठी. त्या बाळाच्या पोटाकडे बघताना मात्र मला ना आई आठवली होती, ना ५३१, ना ४०२. पुढे काय करायचे, याला काय झाले आहे, एवढेच जाणून घ्यावेसे वाटत होते. पाचव्या दिवशी मी आईला सांगितले, "व्हायचंय. पण आता एकदाच बसणार."

म्हणून तिसऱ्यांदा फॉर्म भरणार आहे. ही शेवटची वेळ, हे मी माझे मीच ठरवले आहे. संध्याकाळी गावातल्या सेतू केंद्रात लोकांचे अर्ज भरायला बसतो, त्या पैशांतून या वेळची फी भरणार आहे. येत नाही तो प्रश्न कोरा सोडण्याचा सराव करतो आहे. तो वाटतो तितका सोपा नाही. बी.एस्सी. नर्सिंगचाही अर्ज करणार आहे. आयुर्वेदाचे नावही यादीतून खोडणार नाही. ज्या कामांना मी कमी लेखत होतो, त्यांतलेच एक काम आमच्या घराची चूल तेरा वर्षे पेटवते आहे, हे मला उशिरा कळले.

आणि यातले काहीच झाले नाही, तर पुढच्या वर्षी मी याच महाविद्यालयात बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला असेन. समाजशास्त्राच्या तासाला हल्ली मी दुसऱ्या बाकावर बसतो, आणि पुस्तकाखाली दुसरे पुस्तक नसते. कुटुंब, जात, आरोग्य यांवर सर बोलतात तेव्हा आमचे गाव डोळ्यांपुढे येते. हे शिक्षण मी वेळ काढण्यासाठी घेतले होते, पण ते फुकट गेले असे आता म्हणवत नाही.

मित्रांनी 'डॉक्टर' म्हणायला हरकत नाही. सवय झाली आहे. फक्त गोळी मागू नये. डोके दुखत असेल तर आधी पाणी प्यावे, आणि तरीही राहिले नाही तर दवाखान्यात जावे. आईही हेच सांगते.