सावड

आमच्याकडं सावड हा शब्द दोन ठिकाणी ऐकू यायचा. एक रानात, दुसरा नदीकाठी. आज माझ्या खुरपणीला पाच बाया, उद्या त्या बायांच्या रानात मी. मजुरी नाही, हिशेब फक्त दिवसांचा. ही रानातली सावड. आणि माणूस गेल्यावर तिसऱ्या दिवशी इंद्रायणीवर राख गोळा करायला जातात, ते सावडणं. आमच्या निघोज्यात रान थोडंच उरलं. जिथं बाजरी डोलायची तिथं महिंद्राच्या गाड्या तयार होतात, आणि आमच्या वाटणीच्या तुकड्यावर भाड्याच्या खोल्या उभ्या आहेत. पहिला अर्थ बुजत गेला. गाठ कॅन्सरची आहे असं डॉक्टरांनी सांगितलं, त्या संध्याकाळी मला आठवलं ते दुसऱ्या अर्थाचं सावडणं.

गाठ हाताला लागली होती ज्येष्ठात. पालख्या निघाल्या होत्या, आणि देहू आमच्या वरच्या अंगाला, आळंदी खालच्या, तेव्हा घर पाहुण्यांनी भरलेलं. गाठ दुखत नव्हती, म्हणून दिवाळीपर्यंत मी कुणाला बोलले नाही. स्तनातली कॅन्सरची गाठ बहुतेक वेळा दुखत नाहीच, हे मला नंतर कळलं. ते चार महिने मी एकटीनं काढले. सगळ्या आजारपणात सर्वांत जड गेले ते तेच, केमोचे नव्हे.

बायोप्सीच्या काचेच्या पट्ट्या आणि मेणाचे ठोकळे पुन्हा तपासून घ्यायला माझे मालक आणि त्यांचा एक मित्र परळला टाटा हॉस्पिटलला गेले. परत आल्यावर ते रिपोर्टबद्दल कमी आणि तिथल्या माणसांबद्दल जास्त बोलले. कुठल्याकुठल्या गावांहून आलेली, उशाला फायलींची पिशवी घेऊन पदपथावर आडवी झालेली माणसं. मेहेरबाई टाटा 1931 मध्ये रक्ताच्या कर्करोगानं गेल्या. पुढच्याच वर्षी त्यांचे पती दोराबजीही गेले. त्यांच्या मागं राहिलेल्या ट्रस्टनं हे हॉस्पिटल उभं केलं, ते 28 फेब्रुवारी 1941 ला उघडलं. एवढ्या मोठ्या घरालाही पैशानं माणूस राखता आलं नाही, आणि त्या घराचं दुःख किती अनोळखी घरांच्या उपयोगी पडलं! तिथून जवळच दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे. बाहेरगावच्या कॅन्सरच्या पेशंटांना आणि त्यांच्या सोबत्यांना ती आसरा देते. मला वाटतं, बाबांना सावड म्हणजे काय ते पुरतं ठाऊक होतं.

उपचार मात्र पुण्यातच घ्यायचे ठरले. दर एकवीस दिवसांनी केमो, असे चार. मग दर आठवड्याला एक, असे बारा. मग ऑपरेशन, शेवटी रेडिएशनचा शेक. पुतण्यानं भिंतीवरचं कालनिर्णय काढलं आणि स्वयंपाकघरात जमिनीवर पसरलं. आमच्या पट्ट्यात घराघराचं घड्याळ कंपनीच्या पाळ्यांवर चालतं. त्यानं तेच केलं. सेकंड शिफ्टवाल्यानं सकाळी मला न्यायचं, मोशीच्या पुढं ट्रॅफिक तुंबायच्या आत. फर्स्टवाल्यानं संध्याकाळी आणायचं. नाईटवाल्याला झोपू द्यायचं. प्रत्येक चौकोनात एक नाव लिहिलं गेलं. माझ्या आजारपणाला पाळ्या लागल्या.

पहिले चार लाल औषधाचे. सलाइनच्या नळीतून तांबडा रंग उतरताना पाहिला की तोंडात कडवट पाणी सुटायचं. घरी आल्यावर फोडणीचा वास सोसायचा नाही. जाऊबाईंनी आपल्या घरातून स्वयंपाक करून, गार करून आणायला सुरुवात केली. मऊ भात, ताक, आंबील. तोंड आलं तेव्हा तिखट पूर्ण बंद. सोळाव्या-सतराव्या दिवशी केस मुठीनं हातात यायला लागले. त्यांनी मला ओट्यावर बसवलं, दिरांचं मशीन आणलं आणि न बोलता डोकं मोकळं केलं. मग खाली पडलेले केस एकेक बट करून पदरात सावडले. मला वाऱ्यावर उडालेले दिसू नयेत म्हणून.

भेटायला पुष्कळ जण आले. सल्ला घेऊन आलेल्यांनी मी दमले. अमक्याचा काढा, तमक्याचं भस्म, आणि मन खंबीर ठेव. मनाला खंबीर राहायला सांगणं म्हणजे तापलेल्या माणसाला गार हो म्हणणं. काम घेऊन आलेल्यांनी मी कधी दमले नाही. चिखलीची माझी शाळेतली मैत्रीण दर बुधवारी यायची, मेथीची जुडी घेऊन. निवडायची, डब्यात भरायची, जायची. आजाराचा विषय तिनं एकदाही काढला नाही. तिच्या बोटांकडं बघत मला झोप लागायची.

एक रात्र विसरता येत नाही. दुसऱ्या केमोनंतरचा दहावा दिवस. या दिवसांत पांढऱ्या पेशी खाली येतात, ताप आला तर सकाळची वाट बघू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. रात्री दीडला ताप एकशे एकवर गेला. मालक नाईटला, पुतण्या गावाला. चौकोनात नाव होतं ते माणूस हजर नव्हतं. खोल्यांमधला उदगीरचा मुलगा सेकंड शिफ्ट करून नुकताच आला होता, अंगावर अजून कंपनीचा शर्ट. त्यानं कुणाची तरी गाडी मागून आणली. जाऊबाई मागं मला धरून बसल्या. पहाटेपर्यंत तो वॉर्डाबाहेरच्या बाकावर होता. आदल्या दोन वर्षांत मला त्याचं भाडं तेवढं माहीत होतं, नाव नाही. या गोष्टीची मला अजून लाज वाटते.

औषध रक्तात उतरतं, गाठ विरघळते, ते विज्ञानाचं काम, आणि त्याबद्दल मी कृतज्ञ आहे. पण औषधापर्यंत सोळा वेळा पोचवणं, दोन औषधांच्या मधले दिवस पार करवणं, हे एका घराच्या आवाक्यातलं नाही. खुरपणी कुठं एका बाईच्या आवाक्यातली होती?

ते कालनिर्णय मी रद्दीत दिलं नाही. यंदाचंही त्याच खिळ्यावर आहे. वरच्या आळीतल्या एका घरात या महिन्यात केमो सुरू झाली. तिथला गुरुवारचा डबा माझ्याकडं आहे.