थोरला चिल्ला आणि घरातला विस्तव

चिल्ला हा शब्द आपल्या घरांत नवा नाही. बाळंतिणीचे चाळीस दिवस म्हणजे चिल्ला आणि जमातीत चाळीस दिवस निघणे म्हणजेही चिल्लाच. काश्मीरमध्ये मात्र हा शब्द थंडीचा आहे. २१ डिसेंबरला सुरू होणारे चाळीस दिवस म्हणजे ‘चिल्लई कलाँ’, थोरला चिल्ला. त्याच्या मागून वीस दिवसांचा ‘चिल्लई खुर्द’ येतो आणि शेवटी दहा दिवसांचा ‘चिल्लई बच्चा’. आपल्याकडे गावांच्या नावांत बुद्रुक आणि खुर्द असते, त्यातला खुर्द हाच. वर्गात हे सांगितले की मुलांना मोठी गंमत वाटते.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही श्रीनगरला गेलो, तेव्हा थोरला चिल्ला अजून महिनाभर लांब होता. पण जुन्या शहरातल्या ज्या घरी आम्ही उतरलो, तिथे लगीनघाई चालली होती. दुधी, वांगी, टोमॅटो, सलगम कापून सुकवलेले. काही माळा अजून खिडकीत लटकत होत्या. बर्फाने जम्मूचा रस्ता बंद झाला की भाजी येत नाही, म्हणून हा साठा. पूर्वीइतकी त्याची गरज उरलेली नाही, पण चव जिभेवर बसलेली आहे. जमिनीवर आधी वेताची चटई, तिच्यावर लोकरीचा नमदा, त्यावर गालिचा असे थरावर थर घातले जात होते. गारठा खालून येतो हे त्या लोकांना पक्के ठाऊक आहे. आपण पंख्याच्या प्रदेशातली माणसे, फरशीचा विचार करत नाही. वरचा मजला उन्हाळ्याचा. थंडीत सगळे कुटुंब खाली, स्वयंपाकघराच्या आसपास गोळा होते. नळाच्या पाइपांना गोणपाट गुंडाळणे, उतरत्या पत्र्यावरून बर्फाची लादी घसरते म्हणून वळचणीखालून मुलांना जाऊ न देणे, ही कामे ते श्वास घेतल्यासारखी करतात.

सर्वांत मन लावून पाहिला तो हमाम. हमाम म्हटले की आपल्याला न्हाणीघर आठवते. इथे ती एक खोली असते. तिची जमीन दगडी लाद्यांची आणि लाद्यांखाली पोकळी. तिथे बाहेरच्या तोंडातून लाकडे पेटवतात, धूर धुराड्याने वर निघून जातो आणि दगड तासन्‌तास ऊब देत राहतो. तिथेच तांब्याच्या टाकीत पाणी तापते. मोहल्ल्यातल्या मशिदींनाही असे हमाम असतात, त्यामुळे फजरला वुजूसाठी गरम पाणी मिळते आणि नमाजनंतर म्हातारी माणसे त्या उबदार लादीवर गप्पा मारत बसतात. आम्ही पाहिले तेव्हा लाकडे रचणे सुरू होते. या रचनेतले शहाणपण आम्हाला फार आवडले. ऊब आत, विस्तव आणि धूर बाहेर.

कांगडीचे तसे नाही. वेताच्या विणीत बसवलेले मातीचे भांडे, त्यात कोळसा. फेरनच्या आत धरून माणसे फिरतात. चरार-ए-शरीफच्या कांगड्या नावाजलेल्या. शरद ऋतूत चिनारची गळलेली पाने जाळून, पाणी शिंपडून त्यांचाही कोळसा करतात. वर्षानुवर्षे कातडीला सतत धग लागल्याने पोटाला आणि मांड्यांना होणारा ‘कांगडी कॅन्सर’ वैद्यकशास्त्रात शतकाहून अधिक काळ नोंदलेला आहे. आमच्या यजमानीण चाची इशानंतर घरातल्या सगळ्या कांगड्या गोळा करून व्हरांड्यात नेऊन ठेवत. थंडी वाजते म्हणून नातवाने एक अंथरुणात लपवली, तेव्हा त्याला मिळालेला ओरडा शेजारच्या घरापर्यंत गेला असेल.

झोपण्यापूर्वी घरातला विस्तव विझवावा, अशी प्रेषित मुहम्मद (स.) यांची ताकीद बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत आहे. तिच्याकडे आपण केवळ आगीच्या भीतीने पाहतो. धोका आणखी एक आहे. बंद खोलीत कोळसा किंवा गॅस जळू लागला की हवा अपुरी पडते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेपटींहून अधिक घट्ट चिकटतो. झोपलेला माणूस झोपेतच जातो. जानेवारी २०२५ मध्ये श्रीनगरच्या पांद्रेठाण भागात भाड्याच्या घरात आई-वडील आणि तीन मुले अशी गेली. जानेवारी २०२० मध्ये नेपाळमधल्या दामन येथे केरळचे आठ पर्यटक, त्यांत चार लहान मुले, हॉटेलच्या खोलीत गॅस हीटर लावून झोपले आणि उठलेच नाहीत. ते आपल्यासारखेच उष्ण मुलखातले लोक होते.

आता आपल्या चिल्ल्याकडे पाहू. बाळंतिणीच्या खोलीत कोळशाची शेगडी, खाटेखाली धुरी आणि वारा लागेल म्हणून दारे-खिडक्या गच्च बंद, हे आपल्या कितीतरी घरांत आजही चालते. शेक द्यायला आमचा विरोध नाही. पण शेगडी बाहेर पेटवावी, निखारे लाल होऊन धूर गेला तरी विषारी वायू थांबत नाही हे लक्षात ठेवावे, शेकाच्या वेळी खिडकी उघडी असावी आणि शेक होताच शेगडी बाहेर जावी. सासूबाईंना हे समजावणे अवघड असते, म्हणून हे पान त्यांनाच वाचून दाखवावे. बाथरूमच्या आत बसवलेला गॅस गिझर आणि थंडीसाठी कागद चिकटवून बुजवलेला झरोका हीदेखील तीच जोडी. गिझर बाहेर हलवावा, झरोका मोकळा करावा. एकाच खोलीतल्या दोघा-तिघांचे डोके एकदम दुखू लागले, मळमळ किंवा चक्कर आली तर पित्त म्हणून लिंबूपाणी करत बसू नये. सगळ्यांनी ताबडतोब उघड्यावर यावे आणि दवाखाना गाठावा.

हिवाळ्यात काश्मीर किंवा मनालीला जाणाऱ्या कुटुंबांनी खोली ठरवतानाच हीटर विजेचा की गॅसचा, हे विचारावे. बुखारी असेल तर तिचा नळकांडा बाहेर निघतो का, हे डोळ्यांनी पाहावे. निजताना विस्तवाचे जे असेल ते बंद करून दुलई एक जास्त मागावी. मागितली की मिळते. चाचींनी आम्हाला माणशी तीन दिल्या होत्या आणि चौथी पायाशी घडी करून ठेवली होती.