टुकना आणि तीन डिस्क

गेल्या दिवाळीच्या सुट्टीच्या शेवटच्या आठवड्यात बाबांनी जेवणाच्या टेबलावर रस्त्यांचा नकाशा पसरला. "या वेळी रेल्वे नाही. रायपूर ते सातारा गाडीने जायचं. मध्ये कुठे थांबायचं ते तू ठरव. शाळेत मॅप रीडिंग शिकवतात ना?"

गाडीने जाण्याचे कारण आजी होती. चौबे कॉलनीतले आमचे घर विकले गेले होते. गुडघ्यांमुळे आजीला जिने चढता येत नाहीत, म्हणून ती आता पुण्याला आत्याकडे राहणार होती. १९६८ साली ती लग्न होऊन भंडाऱ्याहून भिलाईला आली. आजोबा पोलाद कारखान्यात होते. निवृत्तीनंतर त्यांनी रायपूरला घर बांधले. म्हणजे छत्तीसगढमध्ये आजीची पन्नासहून जास्त वर्षे गेली. महाराष्ट्र मंडळातल्या तिच्या मैत्रिणी तीन दिवस घरी येऊन निरोप देत होत्या. मी मात्र नकाशात बुडालो होतो, कारण माझ्या डोक्यात डिस्क गोल्फ होते.

हा खेळ आपल्याकडे फारसा कुणाला ठाऊक नाही, म्हणून थोडे सांगतो. माझा अमेरिकेतला मावसभाऊ उन्हाळ्यात आला तेव्हा त्याने मला तीन डिस्क दिल्या. दिसायला फ्रिसबी, पण आकाराने लहान, वजनदार आणि काठाला धारदार. लांब जाणारी ती ड्रायव्हर, मधल्या पल्ल्याची मिडरेंज आणि जवळून अचूक टाकायची ती पटर. नियम गोल्फचेच, फक्त चेंडूऐवजी डिस्क आणि खळग्याऐवजी साखळ्या लोंबणारी लोखंडी बास्केट. कमीत कमी फेकींत डिस्क बास्केटमध्ये पडली पाहिजे. एड हेड्रिक नावाच्या माणसाने १९७५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओक ग्रोव्ह पार्कमध्ये पहिला कायमचा कोर्स आखला. साखळ्यांची बास्केटही त्याचीच. २००२ मध्ये तो वारला, तेव्हा त्याच्याच इच्छेप्रमाणे त्याची रक्षा प्लास्टिकमध्ये मिसळून डिस्क बनवल्या. हे दादाने सांगितले तेव्हा मला थट्टा वाटली होती, पण ते खरे आहे.

तिकडे लोक लांबच्या प्रवासाला निघताना वाटेवरचे कोर्स आधी शोधून ठेवतात. बहुतेक कोर्स सार्वजनिक बागांमध्ये असतात आणि पैसे लागत नाहीत. दादाचा नियम असा, की दिवसाला एकच कोर्स, महामार्गापासून दहा मिनिटांच्या आत, आणि गाडीतल्या न खेळणाऱ्या माणसाला बसायला सावली हवी. शेवटचा मुद्दा मी त्या वेळी नीट ऐकला नव्हता.

माझ्या वाटेवर तयार कोर्स नव्हता. पण झाडे, मोकळे मैदान आणि निशाणी म्हणून काहीतरी, एवढे असले की खेळता येते. निशाणी घरातच मिळाली. आजीकडे बांबूचा मोठा टुकना होता. टुकना म्हणजे छत्तीसगढी टोपली. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी बाजारातून घेतलेला, दोनदा नव्याने विणून घेतलेला. त्यात लोणच्याच्या बरण्या, बडीशेपेचा डबा आणि जुन्या साड्यांत गुंडाळलेली भांडी भरून ती तो बरोबर नेणार होती. मी म्हणालो, "आजी, थांबलो की हा रिकामा करून देशील?" ती म्हणाली, "देईन की. पण माझ्या बरण्या उन्हात ठेवायच्या नाहीत."

मग मी रेकी केल्यासारखी यादी केली. रायपूरमध्ये सराव तेलीबांधा तलावाच्या काठी केला आणि पहिल्याच संध्याकाळी मिडरेंज पाण्यात जाता जाता राहिली. बहुतेक गोल्फ डिस्क बुडतात. म्हणून पाण्याजवळची सगळी ठिकाणे बाद. भिलाईची मैत्री बाग गर्दीमुळे बाद. धारदार काठाची डिस्क लहान मुलाला लागली तर काय होईल, हे सांगायला नको. राजनांदगाव म्हणजे हॉकीचे गाव. तिथल्या टर्फवर दुसरे काही फेकायचा विचारसुद्धा करू नये. देवरी ते साकोली रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जंगल आहे. नवेगाव आणि नागझिरा यांना जोडणारे ते जंगल, वाघांची ये-जा असलेले. तिथे उतरायचेच नाही. नागपूरजवळ कामठीला मोठी छावणी आहे, गार्ड्स रेजिमेंटचे केंद्र तिथेच. छावणीच्या मैदानावर परवानगीशिवाय पाय ठेवायचा नाही, हे कॅडेटला कुणी सांगावे लागत नाही. समृद्धी महामार्गावर रस्त्याकडेला थांबायलाच मनाई. एवढी काटछाट करून पहिल्या दिवसासाठी दोन ठिकाणे उरली. भिलाईच्या एका सेक्टरमधले झाडांनी वेढलेले मैदान आणि लाखनीच्या अलीकडे एका गावातले शाळेचे पटांगण. दुसरे मी उपग्रहाच्या नकाशावर पाहिले होते. लांबरुंद, कडेला आंब्याची झाडे. त्या पटांगणाचे मला फार कौतुक वाटत होते.

सकाळी सातला निघालो. भिलाईला आजीचे जुने क्वार्टर त्याच सेक्टरमध्ये होते, म्हणून तो थांबा सगळ्यांनाच मानवला. आजी गाडीतून उतरली, क्वार्टरच्या फाटकापाशी थोडा वेळ उभी राहिली आणि परत येऊन म्हणाली, "पेरूचं झाड कापलं." मी झाडांमध्ये पाच जागा ठरवून खेळलो. उजव्या हाताने सरळ फेकलेली डिस्क वेग संपता संपता डावीकडे वळते. समोरून वारा असेल तर ती आधी उजवीकडे कलते. हे मोजत मोजत टाकण्यात जी मजा आहे, ती पीटीच्या मैदानावर थ्रो-बॉल फेकण्यात नाही, माफ करा सर.

राजनांदगावला फक्त चहा. बाबांनी दिग्विजय महाविद्यालयाकडे बोट दाखवून सांगितले, की मराठी घरातले पण हिंदीत लिहिणारे कवी गजानन माधव मुक्तिबोध इथे शिकवत. चहावाल्याचा मुलगा माझ्या हातातल्या डिस्ककडे बघून म्हणाला, "भैया, ये थाली है क्या?" त्याचे फारसे चुकले नव्हते. अमेरिकेत फ्रिस्बी नावाच्या बेकरीच्या पायच्या रिकाम्या ताटल्या विद्यार्थी फेकायचे, त्यावरूनच फ्रिसबी हे नाव आले. आजीला हे सांगितले आणि पस्तावलो. पुढच्या थांब्यावर तिने माझ्या पटरवर दडपे पोहे वाढून बाबांना दिले. तेलाचा हात लागलेली डिस्क बोटांतून निसटते. मी चिडून ती तीनदा पुसली.

लाखनीच्या अलीकडचे पटांगण नकाशावर होते तसेच निघाले. शाळेला सुट्टी होती. पारावर बसलेल्या आजोबांना विचारून आत गेलो. आजीने बरण्या सावलीत काढून टुकना रिकामा करून दिला. तो मी आंब्याच्या पलीकडे, सुमारे ऐंशी पावलांवर ठेवला. पहिलीच फेक ड्रायव्हरची. मी जोर जास्त लावला. डिस्क टुकन्यावरून, कुंपणावरून आणि पलीकडच्या बांध्यांवरून गेली. धान कापून झाले होते, पण ओळीने खुंट उभे होते आणि माझी ड्रायव्हर होती हिरवट पिवळी. धानाच्या खुंटांत ती दिसेल तर शपथ.

मी गावातल्या चार मुलांना एका ओळीत उभे केले, दोन हातांचे अंतर, आणि बांधी बांधी पालथी घातली. बाबा दोनदा म्हणाले, "राहू दे, निघू." मी ऐकले नाही. त्या डिस्कला दुकानात फार किंमत नाही, पण दुसरी मिळणार कुठून? सव्वा तासाने एका मुलाला ती बांधाच्या भेगेत उभी सापडली. त्याने ती हातात आणून न देता माझ्याकडे भिरकावली, आणि ती अगदी सरळ आली. तेवढ्यात सूर्य मावळला. आजी गाडीत मागे डोके टेकून बसली होती. तिने काहीच विचारले नाही.

पुढे अंधारात मी मागच्या सीटवर डिस्क पुसत होतो. गाडी एका मोठ्या पुलावरून गेली. पूल संपल्यावर थोड्या वेळाने आजी म्हणाली, "भंडारा गेलं का?"

बाबा म्हणाले, "हो आई. ही वैनगंगा ओलांडली आत्ता."

"बरं," ती म्हणाली.

बस, एवढेच. माझ्या यादीत भंडारा नव्हते. नकाशावर मी ते पाहिले होते आणि गावात मोकळे मैदान चटकन दिसले नाही म्हणून खोडले होते. आजीचे माहेर भंडाऱ्याचे हे मला लहानपणापासून माहीत आहे. दर दिवाळीला ती पितळेचा मोठा गंज घासताना सांगायची, की हा भंडाऱ्याचा, तिथल्या पितळेची सर कुणाला नाही. तरी मला त्या रात्री सुचले नाही. नागपूरला पोचेपर्यंत गाडीत कोणी बोलले नाही. बाबांनी रेडिओसुद्धा लावला नाही.

रात्री नातेवाइकांच्या घरी झोप येईना. मी बाबांना उठवून म्हणालो, "उद्या सकाळी मागे जाऊ या का? साठ किलोमीटर आहे."

बाबा म्हणाले, "जाऊन येऊन एकशे वीस. दुपार नागपुरातच होईल. मग पुढचे तुझे सगळे थांबे गेले. परवा संध्याकाळी तुला शाळेत रिपोर्ट करायचंय."

मी यादीचा कागद त्यांना दिला. संभाजीनगरजवळचा एक आणि पुण्याच्या अलीकडचा एक, असे दोन उरले होते. त्यांनी कागद घडी करून खिशात ठेवला आणि पहाटे साडेपाचचा गजर लावला. आजीला आम्ही काही सांगितले नाही. नागपूर सोडल्यावर सूर्य समोर आला तेव्हा तिच्या लक्षात आले. "अरे, उलटे कुठे निघालात?" असे म्हणाली खरी, पण पदर नीट करून बसली.

भंडाऱ्यात तिने गल्ली बरोबर सांगितली. तिच्या माहेरच्या घराच्या जागी तीन मजली इमारत होती, खाली मोबाइलचे दुकान. मामाआजोबा जाऊन बरीच वर्षे झाली, मुले बाहेरगावी. ओळखीचे कोणी निघाले नाही. समोर पितळी भांड्यांचे एक दुकान मात्र उघडे होते. तिथल्या म्हाताऱ्या मालकांना तिने वडिलांचे नाव सांगितले. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "तुम्ही धाकट्या का मोठ्या?" आजी म्हणाली, "धाकटी." मग दोघे अर्धा तास बोलत होते. कोण कधी गेले, कुणाचे घर कुणी घेतले, खांब तलावाकडचा रस्ता पूर्वी कसा होता. मी आणि बाबा पायरीवर बसून होतो. मला त्यातली बरीच नावे नवी होती.

निघताना आजीने तिची शाळा दाखवायला गाडी वळवायला लावली. सुट्टीमुळे फाटकावर फक्त चौकीदार होते. आजीने विचारल्यावर त्यांनी आत सोडले. छोटेसे मैदान, एका बाजूला कडुलिंबाची तीन झाडे. नकाशात मला ते दिसलेच नव्हते. मी डिस्क गाडीतच ठेवल्या होत्या. आजी पायरीवर बसली आणि बाबांना म्हणाली, "तो टुकना आण. बरण्या सावलीत ठेव."

तीस पावलांवर टुकना ठेवला. मी तीन फेकींत पूर्ण केले, बाबांनी सहात. मग आजी उठली. तिला मी पटर दिली आणि पकड दाखवायला गेलो, तर ती म्हणाली, "झाकणं काय मी कधी फेकली नाहीत?" पहिली फेक पायाशीच पडली. दुसरी कडुलिंबाला लागली. प्रत्येक फेकीनंतर ती काठी टेकत डिस्कपर्यंत चालत जायची आणि मला उचलू द्यायची नाही, कारण नियम तसा आहे हे तिने आदल्या दिवशी बघून ठेवले होते. आठवी फेक टुकन्याच्या काठावर आपटून बाहेर पडली. चौकीदारकाका "अरेरे" म्हणाले. नववी आत गेली. "लिही," ती मला म्हणाली. मी नकाशाच्या मागे लिहिले, भंडारा, एक बास्केट, आजी ९.

नंतरचा प्रवास नुसता प्रवास होता. समृद्धीवर सलग गाडी, रात्री संभाजीनगर, दुसऱ्या दिवशी दुपारी पुणे. आत्याच्या घरी सामान वर नेले. आजीने टुकना बाल्कनीत ठेवायला सांगितले आणि रिकामा झाल्यावर त्यात माझी पटर टाकली.

"आजी, ती माझी आहे."

"माहीत आहे. मे महिन्यात ये आणि घेऊन जा."

साताऱ्याला आम्ही वेळेआधी चाळीस मिनिटे पोचलो. माझ्या ट्रंकेत सध्या दोनच डिस्क आहेत. हाउस मास्टर सरांनी रविवारी दुपारी त्या खेळायची परवानगी दिली आहे. जवळच्या फेकी ड्रायव्हरने टाकाव्या लागतात आणि त्या नेहमी लांब जातात.