टिस्कोची गिटार विकणे आहे

जुनी बाईक विकणं सोपं असतं. गिऱ्हाईक येतं, किक मारतं, कोपऱ्यापर्यंत चक्कर मारून येतं आणि पाच हजार कमी सांगतं. जुनी इलेक्ट्रिक गिटार विकायला काढली की मात्र आधी आपल्यालाच शोधावं लागतं की आपण नेमकं काय विकतोय. गेले चार वीकेंड मी पुण्याहून चिकलठाण्याला जाऊन हेच करत होतो.

गिटार माझ्या काकांची. काका चिकलठाणा एमआयडीसीत एका कंपनीच्या प्रेस शॉपमध्ये तीस वर्षं, आणि सुट्टीच्या दिवशी ऑर्केस्ट्रात. गणपती, लग्नं, कंपनीचं गॅदरिंग. 'दम मारो दम'ची सुरुवात वाजवली की निम्मा मांडव उभा राहायचा म्हणे (मूळ गाण्यात ती गिटार भूपिंदर सिंग यांची, १९७१). १९७९ साली काकांनी ही गिटार मुंबईत, बोटीवर नोकरी करणाऱ्या एका माणसाकडून जुनीच घेतली. परदेशी माल म्हणजे परवाने आणि जकात असण्याचे ते दिवस. गिटारवर बिल्ला 'टिस्को'चा, त्यामुळे कंपनीतले लोक हिला कायम 'टाटाची गिटार' म्हणायचे. टाटा स्टीलचं जुनं नाव टिस्को होतं ना, म्हणून. खरी टिस्को जपानी. १९४६ साली सुरू झालेली, १९६७ साली कावाईने विकत घेतलेली. साठच्या दशकात त्यांनी स्वस्तातल्या गिटारी ढिगाने अमेरिकेला पाठवल्या. म्हणजे ही मुळात श्रीमंताघरची नव्हेच, शाळकरी पोरांना परवडावी म्हणून केलेली.

विकायचं कारण काकांचे कान. तीस वर्षांच्या प्रेसच्या दणक्यांनी ते खाल्ले. कानाच्या मशिनचं कोटेशन आलं, एका कानाचे १५ हजार, दोन्हीचे ३०. ईपीएफची पेन्शन किती येते हे ज्यांचे वडील प्रायव्हेट कंपनीतून रिटायर झालेत त्यांना मी सांगायला नको. माझ्याकडून पैसे घ्यायचे नाहीत, हे त्यांनी विषय निघायच्या आधीच सांगून टाकलं होतं.

काकांच्या मते गिटारला काहीच झालेलं नव्हतं, "तारा बदल, बस." मी अँप्लिफायरला लावली, व्हॉल्यूमचा नॉब फिरवला आणि भजी तळल्यासारखी अशी काही खरखर झाली की आतून काकू बाहेर आल्या. काका शांत. "बग, कशी वाजायली!" त्यांना ती खरखर ऐकूच येत नव्हती. वरचे सूर गेलेत त्यांचे.

मग मल्टिमीटर काढला. खरखर हा साधा रोग. नॉबखाली पोटेन्शिओमीटर असतो, त्याच्या कार्बनच्या पट्टीवर धूळ बसते. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून नॉब वीस-तीस वेळा फिरवला की झालं. बदलायचा नाही! जुन्या गिटारमध्ये मूळ सुटे भाग असण्यालाच किंमत असते. रंगाचं तेच, टवके उडालेला मूळ रंग नव्या चकाचक रंगापेक्षा महाग जातो. (काकू ब्रासो घेऊन तयार होत्या. थांबवलं.) आमच्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यांनी फिंगरबोर्डचं लाकूड आकसलंय, त्यामुळे फ्रेट्सची टोकं कडेला बोटांना लागतात. मान वाकलीये, बाराव्या फ्रेटवर तारा चार मिलिमीटर वर आहेत, दोनच्या आसपास असायला हव्यात. आणि या गिटारला ट्रस रॉड फिरवायला नटच नाही, त्यामुळे हे काम माझ्या आवाक्याबाहेरचं.

पुलाजवळच्या पिकअपवर मीटरने रेझिस्टन्स अनंत दाखवला. म्हणजे तार आत कुठेतरी तुटली. पिकअप म्हणजे काय, तर लोहचुंबक आणि त्याभोवती केसाएवढ्या तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. चिकलठाण्यात मोटार रिवाइंडिंगवाल्यांना काय तोटा, म्हणून एकाकडे चौकशीला गेलो. इथे एक गंमत आहे. गिटारवाले '४२ गेज' म्हणतात ते अमेरिकन मापाने, म्हणजे ०.०६३ मिलिमीटर. आपल्याकडे दुकानात गेज म्हणजे एसडब्ल्यूजी, त्यातली ४२ नंबरची तार ०.१ मिलिमीटर. हवी ती साधारण ४६ नंबर. रिवाइंडिंगवाला हसला, म्हणाला, असली तार आमच्या मशीनवर श्वास सोडला तरी तुटेल. पिकअप तसाच ठेवला. बऱ्याचदा तार टोकाशीच, जोडाजवळ तुटलेली असते, पण ते बघायला उघडायची जोखीम नवीन मालकाने घ्यावी.

सगळे दोष आकड्यांसह एका कागदावर लिहिले, फोटो काढले आणि जाहिरात टाकली.

आणि तेव्हा कळलं की लोकांना गिटार नकोच आहे.

या जुन्या टिस्कोंच्या पिकअपवर सोनेरी पत्रा असतो, म्हणून नाव गोल्ड फॉइल. राय कूडर नावाच्या अमेरिकन गिटारवाल्याने (आपल्या विश्वमोहन भट्टांबरोबर १९९३ चा 'अ मीटिंग बाय द रिव्हर' केला, ज्याला पुढे ग्रॅमी मिळालं, तोच) असला एक पिकअप काढून स्वतःच्या फेंडरमध्ये बसवला. झालं! स्वस्तातल्या गिटारीतले पिकअप गिटारीपेक्षा भाव खाऊ लागले. पुण्याच्या एकाने दोन्ही पिकअपचे, बंदसकट, १६ हजार सांगितले. "बॉडी तुम्ही ठेवा, भिंतीवर छान दिसेल." जालन्याचा एक मुलगा अख्खी गिटार मागत होता, लग्नांच्या ऑर्केस्ट्रात वाजवतो. त्याचे ११.

मी पुण्याच्या बाजूने होतो, हे सांगून टाकतो. १६ मध्ये एक कान येतो, ११ मध्ये येत नाही. गणित एवढंच. मला वाटलं काका हळवे होतील. झाले नाहीत. दोन्ही कोटेशनं त्यांनी चष्मा लावून वाचली, कंपनीत स्टोअरची चलनं वाचत असतील तशी.

"चालू मशीन कामून कापायचं? एक पिकअप वाजायलाय ना?"

"काका, पाच हजाराचा फरक आहे."

"तीस वर्षांत आपण चालू मशीन भंगारात दिलं नाही. गिऱ्हाईकच नसतं तर गोष्ट वेगळी. गिऱ्हाईक हाय ना?"

मुलगा रविवारी जालन्याहून बसने आला. काकांनी त्याला आधी दोषांचा कागद वाचायला लावला, मोठ्याने. मग चप्पल घालून वाजवायला सांगितलं, कारण मांडवात अर्थिंगचा भरवसा नसतो आणि झटका बसू शकतो. काकांना बसलेला आहे. मग पाऊण तास घासाघीस करून ११ चे साडेबारा केले. मुलाने कागदावर सही केली, काकांनी केली, मी साक्षीदार. तारा ढिल्या केल्या, मान जुन्या चादरीत गुंडाळली, पिशवी त्याच्या पाठीला लावून दिली.

अडीच हजार कमी पडले ते काकांनी स्वतःच्या खात्यातून काढले. दुसऱ्या कानाचं काय, विचारलं तर म्हणाले, "आता एका कानाने ऐकीन. दुसऱ्याने सोडून द्यायची सोय तेवढी गेली."